बांधावरचा लिंब आणि बागेतला डोळा

कवठे महांकाळच्या बाजूला वसंत पाण्याशिवाय येतो. फाल्गुन सरता सरता ओढ्यात नुसती वाळू उरते, विहिरीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शाळू निघालेल्या रानात धसकटे राहतात आणि दुपारी वावटळी उठतात. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा तालुका. त्यातलाही बराचसा पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. म्हणजे मार्च उजाडतो तेव्हा शेवटचा पाऊस पडून पाच महिने झालेले असतात आणि पुढचा पाऊस अजून अडीच-तीन महिने लांब असतो. नेमक्या याच दिवसांत आमच्या बांधावरच्या झाडांना पालवी फुटते.

आमचे रान नऊ एकरांचे. तीन एकर द्राक्षबाग, बाकी शाळू आणि हरभरा, एक विहीर, पत्र्याचे घर, गोठा आणि बागेच्या पश्चिमेला एक लांब बांध. त्या बांधावर तीन लिंब, एक चिंच आणि एक करंज आहे. आम्ही चार भावंडे. मधला भाऊ वस्तीवर राहून शेती पाहतो, अम्मी त्याच्याजवळ असतात. दोघे भाऊ नोकरीच्या गावी आणि बहीण मिरजेला सासरी. रमजानचे शेवटचे दहा दिवस सगळ्यांनी वस्तीवर काढायचे, असा घरचा शिरस्ता आहे. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत रमजान आता मार्चमध्ये आला आहे, त्यामुळे शहरात राहणाऱ्या आमच्या मुलांनाही रानातला वसंत डोळ्यांनी पाहायला मिळाला. अस्र ते मगरिब हा रोजेदार मुलांचा कठीण वेळ. अम्मींनी त्यांना एक काम लावून दिले होते. रोज रानातून एक तरी नवी खूण शोधून आणायची आणि इफ्तारच्या दस्तरखानावर सांगायची.

पहिल्या दिवशी कोणालाच काही सापडले नाही. "सगळं वाळलंय," एवढेच मुले म्हणाली. दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलीने लिंबाची फांदी आणली. शेंड्याला तांबूस, तेल लावल्यासारखी चकाकणारी पाने होती. आठ दिवसांपूर्वी ते झाड अर्धे रिकामे होते. मग खुणा येतच गेल्या. मशिदीजवळच्या पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी आली. करंजाने जुनी पाने टाकली आणि पोपटी नेसले. चिंचेवर पिकलेली बोटके आणि कोवळी पाने एकाच फांदीवर दिसू लागली. जानेवारीत मोहरलेल्या आंब्याला सुपारीएवढ्या कैऱ्या लागल्या. तांबट दिवसभर भांडी ठोकल्यासारखा टुकटुक करू लागला. लिंबाच्या शेंड्याला शिंजीर पक्ष्याचा नर उन्हात निळा-जांभळा चमकताना दिसला. हिवाळाभर शाळूवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांचे थवे पातळ झाले. हे पक्षी एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे परततात. त्यांचे जाणे हीसुद्धा वसंताची खूणच.

सत्ताविसाव्या रोज्याला मोठ्या मुलाने आणलेली बातमी सगळ्यांत मोठी होती. हरभऱ्याच्या मोकळ्या रानात, ढेकळांच्या मध्ये, टिटवीची चार अंडी होती. घरटे नाही, काडी नाही, नुसती मातीच्या रंगाची अंडी. शेजारच्या रानात मेंढरे बसवायला आलेले धनगर मामा ती पाहून म्हणाले, "चार अंडी म्हंजे चार महिनं पाऊस. उंचवट्यावर घातल्यात, औंदा पाऊस हाय." टिटवी बहुधा चारच अंडी घालते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. तरी सगळ्यांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने नांगरट केली तेव्हा तेवढा तुकडा सोडून दिला.

पाऊस नसताना झाडाला ही पालवी कोठून येते, असा प्रश्न मुलांनी विचारला. लिंबाचे मूळ मुरमाच्या भेगांतून खोल जाते. परतीच्या पावसाचे जे पाणी आपल्या नजरेआड खाली मुरले, ते त्याला मार्चमध्येही सापडते. आधी तो जुनी पाने टाकून आपला खर्च कमी करतो. दिवस मोठा होऊ लागला, ऊब वाढली की नवे डोळे फुटतात. पाऊस येईपर्यंत थांबला तर पावसाचा पहिला महिना पाने काढण्यातच जाईल. म्हणून तो आधीच तयार होऊन बसतो. जूनचा पहिला पाऊस पडतो तेव्हा झाड भरलेले असते.

बांधाच्या अलीकडे बागेतही याच दिवसांत नवे वर्ष सुरू होते, पण त्याची रीत वेगळी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. आमचा सगळा माल बेदाण्याला जातो. घड द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे, पंधरा दिवसांनी झाडून घ्यायचे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या शीरखुर्म्यात पडणारा बेदाणा बहुधा याच पट्ट्यातल्या रॅकवर वाळलेला असतो. बेदाणा रॅकवर असेपर्यंत आभाळात ढग दिसला तरी आमच्या पोटात गोळा येतो. पावसासाठी वर्षभर दुआ करणारे आम्ही त्या पंधरा दिवसांत मात्र निरभ्र आभाळ मागतो.

माल निघाला की वेलीला थोडी विश्रांती द्यायची आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी घ्यायची. वर्षभर वाढलेल्या काड्या ओलांड्यापर्यंत कापून टाकतात. मांडव उघडा पडतो, नुसते खोड आणि आडवे हात उरतात. शहरातून आलेल्या माणसाला वाटते, बाग मेली. दहा-बारा दिवसांत त्याच ओलांड्यावर गुलाबी-पांढरे डोळे फुटतात. आमच्या वेलीचे खोडही तिचे स्वतःचे नाही. खाली अमेरिकेतल्या रानद्राक्षाचा डॉगरीज खुंट आहे, तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो. वर आपल्या जातीचे कलम.

या छाटणीतली एक गोष्ट बागायतदाराच्या घराबाहेर फारशी कोणाला माहीत नसते. पुढच्या वर्षी येणारा घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो, पण तो ठरतो या उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये फुटलेल्या काडीच्या प्रत्येक डोळ्यात, छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, नजरेला न दिसणारा सूक्ष्मघड तयार होतो. त्यासाठी पाणी बेताचे लागते, पण ऊन भरपूर लागते. काडी सावलीत राहिली तर डोळ्यात घडाऐवजी नुसती वेलाची बाळी धरते. मग ऑक्टोबरमध्ये कितीही खत-औषध घाला, जे डोळ्यात नाही ते बाहेर येत नाही.

आणि पाणी बेताचे म्हटले तरी ते लागतेच. आमची विहीर चैत्रात तासभर चालते. बाकी भरवसा म्हैसाळ योजनेवर. कृष्णेचे पाणी म्हैसाळजवळून टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवत मिरज, कवठे महांकाळ, जत अशा तालुक्यांपर्यंत आणलेले आहे. आवर्तन सुटले की ओढ्याला पाणी दिसते आणि वस्त्यांवर बोलणे बदलते. आमच्याहून तहानलेली माणसेही आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, आणि ती गाडी कवठे महांकाळ स्टेशनावरूनच पंढरपूरकडे गेली. कृष्णेचे पाणी कोणाकोणाला पुरायचे आहे, हे तेव्हा तालुक्याने रुळांवर पाहिले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की यंदा बांधावरचा वसंत आणि बागेतला वसंत एकमेकांच्या आड आले. बांध बागेच्या पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर लिंबांची सावली पहिल्या दोन ओळींवर पडते. मधल्या भावाने दोन हंगाम घड मोजले होते. आतल्या ओळींत वेलीला पस्तीसच्या आसपास घड, आणि सावलीतल्या ओळींत पंधरा-सोळा. दोन ओळींत मिळून ८० वेली. त्याच्या हिशेबाने वर्षाला क्विंटलभर बेदाणा सावलीत जात होता. वखारवाला येऊन तिन्ही लिंब पाहून गेला होता. त्याने आकडा सांगितला, आणि आकडा वाईट नव्हता. औषध दुकानाची उधारी आणि सोसायटीचे कर्ज तोंडावर होते. छाटणीच्या आधी लिंब तोडावेत, असे भावाने अठ्ठाविसाव्या रोज्याला तरावीहनंतर सगळ्यांसमोर मांडले.

बाहेरून आलेल्या आम्हा दोघा भावांना ते एकदम सहन झाले नाही. लिंबाखाली आम्ही वाढलो, तिथे वडिलांची खाट असायची, फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री अंगणात मधासारखा वास येतो, असे सगळे आम्ही बोललो. मधल्या भावाने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुम्ही दहा दिवस वास घेता. मी बारा महिनं सावली भरतो." या वाक्यावर कोणी काही बोलले नाही. त्यात राग नव्हता, हिशेब होता, आणि हिशेब बरोबर होता.

अम्मींनी वाद घातला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "पाडव्याला माणसं येतील, त्यांना काय सांगायचं ते ठरवून ठेवा." आमच्या बांधावरचे लिंब आसपासच्या पाच-सहा वस्त्यांना सगळ्यांत जवळचे. गुढीला बांधायला डहाळी आणि प्रसादाला फुले-कोवळी पाने न्यायला लोक दरवर्षी आमच्याकडेच येतात. आजोबांच्या काळापासून कोणी विचारून घेत नाही. येतात, सलाम-रामराम करतात, चढतात, तोडतात. यंदाही आले. ३० मार्च २०२५ ला पाडवा होता, त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि ३१ ला ईद झाली. सकाळी लिंबाचा पाला घेऊन गेलेल्या घरांत दुसऱ्या दिवशी आमच्या घरचा शीरखुर्मा गेला. आदल्या वर्षीही ९ एप्रिलला पाडवा आणि ११ ला ईद होती.

हा योगायोग मुलांना मोठा चमत्कार वाटला. त्यामागे चंद्राचा हिशेब आहे. पाडवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला आणि ईद अमावास्येनंतरची कोर दिसल्यावर. दोन्ही महिने एकाच चंद्राचे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि ते तसेच पुढे चालते. मराठी पंचांगात मात्र साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतू सांभाळतात. म्हणून शव्वाल आणि चैत्र दोन-तीन वर्षे हातात हात घालून चालतात आणि मग वेगळे होतात. २०२६ मध्ये मे-जूनच्या सुमारास अधिक ज्येष्ठ आहे. त्यानंतर २०२७ पासून ईद पाडव्याच्या जवळजवळ महिनाभर आधी येऊ लागेल. रमजान पुन्हा त्याच ऋतूत यायला सुमारे ३३ वर्षे लागतात. मागच्या खेपेला असा मार्चचा रमजान १९९२ च्या सुमारास आला होता. तेव्हा आमची बाग नव्हती, नुसता शाळू होता, आणि बांधावर हेच तीन लिंब होते. पुढचा येईल तो २०५८ च्या सुमारास. द्राक्षबाग पंधरा-वीस वर्षांत थकते आणि नवी लावावी लागते. म्हणजे तोपर्यंत आजची बाग एकदा-दोनदा तरी बदललेली असेल. लिंब मात्र ठेवला तर असेल.

सूरह यासीन आपल्या घरांत वारंवार पढली जाते. तिच्यात मृत जमीन जिवंत केल्याची, तिच्यातून धान्य काढल्याची आणि खजूर व द्राक्षांच्या बागा केल्याची निशाणी सांगितली आहे. आमच्या बांधावर आणि बांधाअलीकडे ती रोज वाचायला मिळते. शेतीच्या जकातीत, उश्रमध्ये, एक बारीक फरक केलेला आहे. आभाळाच्या पाण्यावर पिकले तर दहावा हिस्सा, पाणी कष्टाने ओढून पिकवले तर विसावा. त्याचे बारकावे उलेमांकडून समजून घ्यावेत. आम्हाला त्यात एवढे दिसते, की पाणी वर चढवणाऱ्याच्या कष्टाचा आणि खर्चाचा हिशेब दीनने चौदाशे वर्षांपूर्वीच धरलेला आहे. लावलेल्या झाडाचे पक्ष्याने खाल्ले तरी तो सदका, असे हदीसमध्ये आले आहे. ते झाड ठेवा असे सांगते, आणि उश्रचा नियम राबणाऱ्याला मोजा असे सांगतो. त्या रात्रीच्या बोलण्यात आम्हा दोघांना पहिली गोष्ट आठवत होती आणि मधला भाऊ दुसरी जगत होता. पक्ष्यांचेच पाहा. जानेवारीत घडात साखर भरते तेव्हा हेच बुलबुल आणि साळुंक्या हाकलायला भाऊ पहाटेपासून डबा वाजवत बागेत फिरतो. मार्चमध्ये आम्ही येऊन त्यांचेच कौतुक करतो.

मार्ग काढला तो बहिणीने. ईदच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तिने सगळ्यांना दोरी घेऊन बागेत नेले आणि सावली कोठपर्यंत येते ते मोजायला लावले. पहिली ओळ पूर्ण सावलीत होती. दुसरी ओळ मात्र लिंबांच्या बागेकडच्या, खाली झुकलेल्या फांद्यांमुळे झाकली जात होती. त्या फांद्या काढल्या तर दुसऱ्या ओळीला ऊन मिळत होते. तिने सुचवले, की पहिली ओळ काढून टाकावी आणि ती जागा फवारणीचा ट्रॅक्टर वळवायला आणि मालाचे क्रेट ठेवायला वापरावी. त्या ओळीचे पाणी आणि औषध वाचेल. राहिला क्विंटलभर बेदाण्याचा प्रश्न, कारण पहिली ओळ गेली की तेवढी तूट राहतेच. त्यावर ती म्हणाली, "लिंब सगळ्यांचे, तर सावलीची किंमत पण सगळ्यांची." बेदाण्याचा जो दर येईल त्या दराने क्विंटलभराचे पैसे चौघांनी वाटून सोसायचे, आणि दरवर्षी फांद्या छाटायची मजुरी बाहेर राहणाऱ्यांनी द्यायची. तिने स्वतःचा वाटाही घातला. भाऊ थोडा वेळ सावलीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं बघू." आम्हाला ते पुरेसे होते. वखारवाल्याला त्याच संध्याकाळी नाही म्हणून फोन गेला.

गावाकडे जमीन आणि शहरात नोकरी, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. सुट्टीत आलेल्याला रान सुंदर दिसते. झाड तोडू नका, विहीर बुजवू नका, जुने घर पाडू नका, असे सांगणे त्याला सोपे जाते. ते म्हणणे खरेही असते. पण त्या सौंदर्याचा खर्च बहुधा मागे राहिलेला एकच जण सोसत असतो. आपला आग्रह खरा असेल तर त्यात आपला वाटा किती, हे त्याच बैठकीत सांगावे. मग तिथे राहणाऱ्याचे उत्तरही बदलते, असा आमचा यंदाचा अनुभव आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणी झाली. बारा दिवसांनी डोळे फुटले. हे लिहितेवेळी काड्या चार-पाच पानांवर आहेत. लिंब फुलोऱ्यात आहेत आणि त्यांवर मधमाश्यांचा आवाज सकाळपासून असतो. टिटवीची पिले अंड्यांबाहेर पडली आणि त्याच दिवशी चालू लागली. आता ती कोठे आहेत ते फक्त टिटवीला ठाऊक. जूनमध्ये निंबोळ्या पडतील. त्या गोळा करून वाळवायच्या, आणि ५ किलो निंबोळीचा अर्क १०० लिटर पाण्यात असे प्रमाण धरून बागेवर फवारायच्या, असे भावाने आपण होऊन सांगितले. मुलांना त्याने किलोमागे दर ठरवून दिला आहे.

दुसऱ्या ओळीच्या डोळ्यांत घड धरला की नाही, हे अजून कोणी सांगू शकत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या तपासायला प्रयोगशाळेत देऊ, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कळेल. जो निकाल येईल, तो याच पानावर वाचकांना कळवू. तोवर तुमच्या दारातल्या, बांधावरच्या किंवा गल्लीतल्या एखाद्या झाडाला यंदा पालवी कोणत्या आठवड्यात फुटली ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच पान उघडून ताडून पाहा, आणि घरातल्या मुलांनाही दाखवा.